टेलर बगला, पिच्चर कवा?

माझ्या नणंदेच्या लग्नात नवरदेव चालत आला. साधेपणाची हौस म्हणून नव्हे. त्याच्यासाठी फुलांनी मढवलेली मोटार होती, मोटारीपुढे बँड होता, बँडपुढे नाचायला त्याचे मित्र होते. पण आमच्या गावाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ट्रेलर उभे होते, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत तिसरा ट्रेलर वळायला म्हणून घुसला तो तसाच आडवा राहिला. ट्रेलर म्हणजे कंटेनर वाहून नेणारी ती लांबलचक गाडी. न्हावा शेव्याच्या बंदरात नंबर लागेपर्यंत या गाड्यांना कुठंतरी थांबावं लागतं. शेजारी वसवल्या जाणाऱ्या द्रोणागिरी नगराच्या नकाशात त्यांच्यासाठी प्रशस्त पार्किंग दाखवलंय. मी स्वतः पाहिलंय, निळ्या रंगात आहे, फार सुबक आहे. जमिनीवर मात्र ते अजून उतरलेलं नाही, म्हणून गाड्या आमच्या दारात.

मी या गावची सून. माहेर ऐरोलीतल्या फ्लॅटमधलं, आईवडील साताऱ्याकडचे. ऐरोलीतल्याच एका कंपनीच्या बॅक ऑफिसात मी नोकरी करते, हल्ली बरीचशी घरूनच. ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिणं हे माझं काम. ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की घरी आमटी खारट झाली तरी तेच तोंडात येतं.

लग्नाच्या दिवशी आम्ही मांडवात वाट बघत होतो. मुहूर्त टळत चालला होता. भटजी दर थोड्या वेळानं घड्याळ बघत होते, कारण त्यांना पुढे दुसऱ्या गावात दुसरं लग्न होतं. पहिल्या रांगेत मधल्या सोफ्यावर शेठ बसले होते.

शेठ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. पद असो वा नसो, शेठच. त्यांचे वडील मिठागरावर राबले. जमिनी सरकारनं घेतल्या, बदल्यात प्लॉट मिळाले, त्यांवर शेठनी इमारती बांधल्या आणि मग ट्रान्सपोर्टचा धंदा काढला. म्हणजे रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रेलरांतले काही त्यांचेच. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. गावातली कितीतरी पोरं त्यांच्याकडे किंवा त्यांच्या ओळखीनं कामाला होती. माझा नवराही त्यांच्याच शब्दावर एका कंटेनर यार्डात सर्व्हेअर, म्हणजे कंटेनरची मोडतोड तपासणारा, म्हणून लागलेला. शिवाय शेठ माझ्या सासूबाईंच्या माहेरचे, चुलत नात्यानं धाकटे भाऊ. ते सासूबाईंना ‘बाय’ म्हणत. सासूबाई त्यांना चारचौघांत ‘शेठ’ म्हणत आणि घरात त्यांच्याविषयी बोलताना जे म्हणत ते इथं लिहिता येणार नाही.

लग्नाच्या थोडे दिवस आधी शेठनी गावाच्या तोंडाशी एक कमान उभारली होती. तिच्यावर एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला शेठ, दोघंही हसतमुख. उद्घाटनाच्या भाषणात कुणीतरी मागून रस्त्याचं काय म्हणून ओरडलं, तर शेठ म्हणाले होते, “आत्तापरेंत केला तो नुसता ट्रेलर. खरा पिक्चर मी तुमाला पुढं दावतो.” टाळ्या पडल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी कमानीखाली, बरोबर सावलीत, पहिला ट्रेलर येऊन उभा राहिला.

तर नवरदेव. शेवटी तो मोटारीतून उतरला आणि गाड्यांच्या मधून चालत निघाला. चाकांशेजारी स्टोव्ह मांडून ड्रायव्हर लोक भात शिजवत बसलेले. कुणी बिहारचे, कुणी पंजाबचे. फेटा बांधलेला माणूस चालत येताना पाहून ते बिचारे उठून उभे राहिले. एकानं त्याला पाणी दिलं. बँड मागेच अडकला होता, म्हणून दुसऱ्यानं केबिनमध्ये चढून हॉर्न वाजवला, मग तिसऱ्यानं, मग सगळ्यांनीच. त्या भोंग्यांच्या गजरात आमचा जावई मांडवात पोचला. घामानं निथळलेला, चेहरा लाल, आणि त्याची आई मागून, साडीचा काठ ऑइलनं काळा झालेला.

इथं भांडण पेटणार हे सगळ्यांना दिसत होतं. मुलाकडच्यांनी तोंड उघडायच्या आत सासूबाई उठल्या.

आमच्याकडे हळदीला आणि लग्नाला बायका गाणी म्हणतात. ठरलेली असतात तशी जागच्या जागी जोडलेलीही असतात. त्यांत समोरच्या पक्षाची टर उडवायची मुभा असते. विहीण आखडू आहे, नवरा काळा आहे, जेवणात मीठ नाही, काहीही. ज्याच्यावर गाणं म्हटलं त्यानं रागवायचं नसतं. रागावला तर त्याच्यावरच दुसरं गाणं होतं. सासूबाई या कामात पंचक्रोशीत नावाजलेल्या होत्या, आणि आपण नावाजलेल्या आहोत हे त्यांना पूर्ण माहीत होतं. त्यांनी पदर खोचला, मैत्रिणींकडे बघितलं आणि सुरू केलं:

“कमान बांदली उंच गो बाय, कमानीखाली टेलर,
नवरा आयला चालत चालत, घामान भिजली कॉलर!”

मुलाकडची एक म्हातारी खुदकन हसली. मग सासूबाईंनी तोंड पहिल्या रांगेकडे वळवलं.

“टेलर बगला, पिच्चर कवा?
सांग रं शेठा, पिच्चर कवा?”

सगळा मांडव हसून फुटला. विहीणबाई आपला काळा काठ विसरून टाळ्या वाजवू लागल्या. बायकांनी ती ओळ उचलली ती सोडेचनात. सोफ्यावर बसलेले शेठ आधी खाली बघत होते, मग सगळेच हसतायत म्हटल्यावर तेही हसले, आणि हसायचं ठरवल्यावर सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले. भटजींनी तेवढ्यात मंगलाष्टकं उरकून घेतली.

मुलाकडच्या कुणीतरी हे मोबाइलवर घेतलं होतं. चार दिवसांत ते सगळीकडे गेलं. आठवडाभरात कुठल्याशा डीजेनं त्याला ताल जोडला. त्या हंगामात उरण-पनवेल पट्ट्यात अशी हळद झाली नसेल जिथं ‘पिच्चर कवा’ वाजलं नाही. ज्यांच्या गावात ट्रेलर नव्हते तेही नाचत होते. त्यांचा पिच्चर वेगळा होता. कुणाचा पाण्याचा, कुणाचा प्लॉटचा, कुणाचा शाळेचा. ‘शेठा’च्या जागी ते आपापला माणूस घालत. ऐरोलीतल्या माझ्या ऑफिसात एक दिवस मीटिंगमध्ये मॅनेजर पगारवाढीबद्दल गोड गोड बोलत होता, तेव्हा कुणीतरी आपला माइक बंद करायला विसरून हळूच म्हणालं, “पिच्चर कवा?” मी तोंडावर हात दाबून बसले. ही ओळ माझ्या सासूची आहे हे तिथं कुणाला माहीत नव्हतं.

घरी मात्र दोन पक्ष पडले. सासूबाई मला सारख्या विचारत, “किती जनांनी बगला गो आज?” मी आकडा सांगितला की आधी मान डोलवत आणि मग म्हणत, “पन त्या डीजेनं माजा आवाज बारीक केलान.” नवऱ्याची वेगळीच पंचाईत. यार्डात त्याच्या सुपरवायझरनं हेच गाणं रिंगटोन ठेवलं होतं. तो फोन वाजला की माझा नवरा कंटेनरच्या मागे जायचा.

“आये, माजी नोकरी जाल,” तो म्हणाला.

“माज्या तोंडान तुजा नाव आला का?” सासूबाई म्हणाल्या. “मी लग्नान गायलं. लग्नान गायल्यावं कुनाची नोकरी गेल्ये आजपरेंत?”

नोकरी गेली नाही. काहीच झालं नाही, हेच खरं तर झालं. गाणं जिल्हाभर फिरलं आणि ट्रेलर जिथल्या तिथं. उलट ड्रायव्हर लोकांना ते इतकं आवडलं की संध्याकाळी केबिनमधून तेच वाजायचं. आपल्याविरुद्धचं गाणं आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं म्हणजे ते त्यांच्याविरुद्ध नव्हतंच.

मी माझ्या पद्धतीनं एक निवेदन लिहिलं. रस्त्याची रुंदी, गाड्यांची रांग, मुलांची शाळा, सगळं मुद्देसूद. गावातल्या बायकांच्या सह्या घेतल्या आणि सरकारी ऑफिसात देऊन आले. काही आठवड्यांनी उत्तर आलं: आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. वाचल्यावर मला राग आला नाही, हे सांगायला लाज वाटते. मला आधी दिसलं ते हे, की त्यांच्याकडे हे लिहिणाऱ्यानं ‘तातडीने’ हा शब्द वापरला होता आणि मी असते तर तो टाळला असता.

मग पावसाळ्याच्या तोंडावर शेजारच्या काकांना लकव्याचा झटका आला.

शेजारचे काका म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे. पूर्वी होडी होती, आता दारात बसून जाळी विणायचे, विकायला नाही, हाताला सवय म्हणून. दुपारचे जेवले आणि हात धुताना खाली बसले ते उठेनात. तोंड वाकडं झालं होतं. काकू किंचाळल्या, आम्ही धावलो. माझ्या नवऱ्यानं ॲम्ब्युलन्सला फोन केला. ॲम्ब्युलन्स आली, कमानीपर्यंत. तिथून पुढे यायला वाव नव्हता. भोंगा आम्हाला ऐकू येत होता, गाडी दिसत नव्हती. शेवटी अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर काकांना बसवलं, माझ्या ओढणीनं छातीशी बांधलं, आणि चौघांनी ती खुर्ची उचलून ट्रेलरांच्या मधून नेली. दोन ड्रायव्हर आपणहून पुढे आले. एकानं खुर्चीचा पाय धरला, दुसरा पुढे पळत लोकांना बाजूला करत होता. काकू मागून अनवाणी. काकांची मान एका बाजूला झुकत होती आणि त्या चालता चालता ती सरळ करत होत्या.

काका वाचले. पण उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टरांचं हे नेहमीचं वाक्य असेलही, पण काकूंच्या कानात ते बसलं ते बसलंच.

मी सासूबाईंना म्हटलं, “आई, आता यावर जोडा ना एक कडवं.”

त्या भाकरी थापत होत्या. थांबल्या नाहीत.

“हलदीन रडायचा नस्ता.”

“पण हीच तर खरी गोष्ट आहे. नवरदेवाच्या कॉलरचं काय घेऊन बसलात?”

“तुजा खरा हाय,” त्या म्हणाल्या. “पन खऱ्यावं कोन नाचतो सांग मना.”

मला त्यांचा राग आला. आता वाटतं, त्यांना त्यांची कला माझ्यापेक्षा जास्त कळत होती आणि तीच त्यांना टोचत होती. त्या दिवसांत त्यांनी मला आकडा विचारणं बंद केलं.

पावसाळा सरला आणि निवडणूक आली. एका सकाळी मी दूध आणायला बाहेर पडले तर कमानीवर नवा बॅनर. शेठ गॉगल लावून, मागे बंदराच्या क्रेन, आणि खाली मोठ्या अक्षरांत: ‘ट्रेलर पाहिलात, आता पिक्चर!’ त्याच दुपारी प्रचाराची रिक्षा आली. आमचंच गाणं, आमचीच चाल, फक्त स्टुडिओत कुणा पोरीनं गायलेलं आणि शब्द फिरवलेले: ‘टेलर बगला, पिच्चर आला, शेठ आपला निवडून आला.’

मी लॅपटॉप तसाच सोडून बाहेर आले. आपल्याकडून काहीतरी चोरलं गेलंय आणि तक्रार करायला जागा नाही, असं वाटत होतं. सासूबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या.

“ऐकलंत?” मी म्हटलं.

“ऐकला. आला, आला,” त्या तुच्छतेनं म्हणाल्या. “त्याच शब्दावं तोच शब्द मारलान. यमक कुठं हाय त्याला?”

“आई, यमकाचं काय? त्यानं तुमचं गाणं घेतलं! त्याच्यावरचं गाणं त्यानंच घेतलं!”

“आनि ती पोरगी नाकान गाते,” सासूबाई म्हणाल्या.

प्रचार ऐन रंगात असताना शेठच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. आमंत्रण द्यायला शेठ स्वतः आले. सोबत माणसं होती, ती त्यांनी अंगणात थांबवली आणि एकटेच आत आले. सासूबाईंच्या पाया पडले. मी चहा ठेवला.

“बाय, हलदीला तुजा गाना पायजे,” शेठ म्हणाले. “ते स्टुडिओवाला नको. तू सोता.”

“कनचा गाना?”

“तोच. सगले बोलतान, शेठ, तुमच्यावं गाना हाय नि तुमी हसतान. मोठा मन हाय तुमचा. मना किती फायदा झाला तुना म्हाईत नाय.” ते मोकळेपणानं हसले. “तू माजा प्रचार केलास गो बाय.”

मी स्वयंपाकघरातून बघत होते. माझा नवरा दाराशी अंग चोरून उभा होता. सासूबाईंनी शेठच्या तोंडाकडे पाहिलं. लहानपणी त्यांनी या माणसाला कडेवर घेतलं होतं, हे मला नंतर कळलं.

“येन मी,” त्या म्हणाल्या. “पन माईक मना पायजे. नि डीजे बंद.”

“तू सांगशील तसा.”

शेठ गेल्यावर मी बोललेच. “जाणार तुम्ही? ते तुम्हाला मांडवात उभं करून मिरवणार.”

“भाचीची हलद हाय. नको जाव?” एवढंच त्या म्हणाल्या आणि कपाटातून हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी आम्ही घराबाहेर पडलो आणि थबकलो. रस्ता रिकामा होता. एकही ट्रेलर नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना दिव्यांच्या माळा. इतका रुंद रस्ता आपल्या गावाला आहे हे मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच पाहत होते. गावातली पोरं मधोमध क्रिकेट खेळत होती. म्हणजे हे करता येत होतं. एका फोनवर करता येत होतं. सासूबाई त्या रस्त्याच्या मधून मुद्दाम हळू चालल्या. बरोबर त्यांच्या गाणाऱ्या मैत्रिणी, आणि त्यांत काकूही. काकांजवळ लेकीला बसवून त्या आल्या होत्या. हळदीचं बोलावणं टाळायचं नसतं.

मांडव प्रचंड होता. बंदरातले अधिकारी, ट्रान्सपोर्टवाले, बिल्डर, दोन-तीन शेजारच्या भागातले पुढारी. नवरीला हळद लागली, भाचीच्या गालाला सासूबाईंनी आधी हात लावला, डोळे पुसले. ते नाटक नव्हतं. मग शेठ माइकवर आले. “जिच्या गान्यावं अख्खा जिल्हा नाचला ती माजी बाय!” त्यांनी सासूबाईंना हाताला धरून वर नेलं. टाळ्या. सगळे मोबाइल वर.

सासूबाईंनी कमानीचं कडवं म्हटलं, कॉलरचं म्हटलं. लोक खुश. ‘पिच्चर कवा’ आलं तेव्हा शेठनी स्वतः हात वर करून ठेका धरला, पाहुण्या पुढाऱ्यांनाही उठवलं. सगळे एका सुरात शेठलाच विचारत होते, पिच्चर कवा, आणि शेठ नाचत होते. एवढीच का या गाण्याची किंमत, असं माझ्या मनात आलं.

सासूबाईंनी हात वर केला. टाळ्या थांबल्या. चाल तीच ठेवून, पण सावकाश, त्यांनी पुढचं उचललं:

“मानूस आमचा खुर्चीवं नेला, चौघांनी धरली रं शेठा,
आमची खुर्ची रस्त्यावं आयली, तुजी येल कवा?
सांग रं शेठा, तुजी येल कवा?”

सवयीनं लोकांनी टाळ्या सुरू केल्या. शेठही अर्धी गिरकी घेऊन गेले. खुर्ची म्हणजे सत्तेची खुर्ची, हे पाहुण्या पुढाऱ्यांना आधी कळलं. त्यांतले एक गृहस्थ खो खो हसू लागले. त्यांना फार दिवसांत इतकं आवडलेलं काही ऐकायला मिळालं नसावं. मग आमच्या गावच्या लोकांना कळलं, पण वेगळं. त्यांच्या डोळ्यांसमोर प्लॅस्टिकची खुर्ची होती. ते हसले नाहीत. मागच्या रांगांतून टाळ्या थांबत थांबत पुढे आल्या. शेठचे हात वर तसेच राहिले.

सासूबाईंनी ओळ पुन्हा म्हटली. आता त्यांच्या मैत्रिणींनी मागून उचलली नाही. त्या एकट्याच म्हणत होत्या.

डीजेवाल्यानं प्रसंगावधान राखून दुसरं काहीतरी दणक्यात सुरू केलं. शेठ सासूबाईंना मंचावरून उतरवायला हात द्यायला आले. मी जवळ होते म्हणून ऐकलं.

“बाय, भाचीच्या हलदीन?” ते एवढंच म्हणाले.

“हलदीन गायल्यावं रागवायचा नस्ता,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांच्या गालाला उरलेली हळद लावली.

आम्ही परत निघालो. त्या मोकळ्या रस्त्यावर आमच्या चपलांचाच आवाज. सासूबाईंना वाटत असावं काकू काहीतरी म्हणतील. काकू कमानीपाशी थांबल्या.

“माज्या मानसाची खुर्ची गान्यान घातलीस,” त्या म्हणाल्या.

“घातली.”

“इचारायला पायजे व्हतास.”

काकू पुढे म्हणाल्या, “सगल्या लोकानला आता म्हाईत झाला. त्यो मोबाइलवाला उद्या दावल. माज्या मानसाला कलतो गो सगला. बोलता येत नाय, पन ऐकू येतो.”

मग त्या आपल्या दारात गेल्या. सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या काकांजवळ जाऊन बसल्या. काय बोलल्या मला माहीत नाही. भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला, शब्द नसलेला, आणि मग काकूंचं हसणं, का रडणं, ते भिंतीतून कळलं नाही.

शेठ निवडून आले. चांगल्या मतांनी आले. आमच्या गावातूनही त्यांना भरपूर मतं पडली, आमच्या घरातूनही एक नक्की, कारण माझा नवरा मतदानाच्या दिवशी माझ्या नजरेला नजर देत नव्हता. खुर्चीचं कडवं मात्र फार फिरलं नाही. डीजेवाल्यांनी ते घेतलं नाही, त्यावर नाचता येत नव्हतं. ते फिरलं ते पाहुण्या पुढाऱ्यांच्या गटांत, शेठची मस्करी म्हणून.

निकालानंतर पंधरवडाभरात गावाच्या रस्त्यावर पाटी लागली. अवजड वाहनांस थांबण्यास सक्त मनाई. पाटीच्या एका कोपऱ्यात शेठचा फोटो, हात जोडलेला. पोलीस येऊन उभे राहू लागले. गाड्या खरोखरच गेल्या. भीतीनं, लाजेनं, की बहिणीच्या शब्दाखातर, हे शेठनी कधी सांगितलं नाही. सत्काराच्या वेळी ते म्हणाले, हा माझा पहिल्यापासूनचा प्लॅन होता. निळ्या रंगातलं पार्किंग अजून नकाशातच आहे, त्यामुळे गाड्या गेल्या त्या खाडीकडच्या पुढच्या गावाच्या रस्त्यावर. तिथं कमान नाही, शेठचे कुणी नातेवाईक नाहीत.

पोलिसांनी हाकललं त्या दिवशी ड्रायव्हर लोक भाताची पातेली तशीच गरम उचलून केबिनमध्ये चढले. खुर्चीचा पाय धरणारा त्यांत होता. त्यानं मला हात केला. मी काय करावं न कळून हात हलवला.

मागच्या महिन्यात त्या पुढच्या गावच्या पाच-सहा बायका आमच्याकडे आल्या. वय कमी, दोघी तर माझ्याएवढ्याच, एकीच्या कडेवर मूल. त्यांना गाणं हवं होतं. त्यांच्या गावात आठवड्यावर हळद होती.

“मोबाइलवरून घ्या की,” मी म्हटलं. “सगळीकडे आहे.”

“ते नाय, ताई. खुर्चीवाला.”

सासूबाईंनी मान हलवली. “त्यो नाय देनार. त्यो माजा नाय.” मग त्यांनी चटई अंथरली आणि बायकांना बसवलं. “तुमच्या गावान काय झाला ते सांगा. उगाच माजा घेऊन काय गावाल?”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांना वाटलं होतं पाठ करून जायचं. मग कडेवर मूल असलेली म्हणाली, आमच्याकडे काही मोठं झालेलं नाही, फक्त शाळेची रिक्षा येत नाही म्हणून पोरांना ट्रेलरच्या खालून वाकून जावं लागतं. दुसरी म्हणाली, खालून नाही, माझा तर चाकावर चढून जातो. तिसरीला तिच्या दिराचं काहीतरी आठवलं, पण ती मधेच थांबली, आणि सासूबाईंनी तिला पुढे बोल म्हटलं नाही. त्यांनी फक्त भिंतीपलीकडे हाक मारली, “येतेस का गो?” थोड्या वेळानं काकू आल्या, पदराला हात पुसत, आणि चटईच्या कडेला जागा करून बसल्या.

“आदी इचारून घे,” काकू त्या पोरीला म्हणाल्या. “ज्याचा हाय त्याला इचार, मंग गा.”

माझा लंच ब्रेक संपत आला होता. स्क्रीनवर तक्रारी साठत होत्या. मी चहाचं आधण ठेवलं आणि ऑफिसला कळवलं की आज मला थोडा उशीर होईल.